पदकाच्या आधीची पानं

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. लोखंडी कपाटाची कडी निघते. सातवीची मुलं आत येऊन सतरंजीवर बसतात.)

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी पाचवी ते आठवीचा ग्रंथालयाचा तास घेते. आमच्याकडं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं, एक सतरंजी आणि खिडकीतून येणारं ऊन.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतला एक मुलगा रोज पहाटे तालमीत जाऊन मग शाळेत यायचा. कितीही अंघोळ केली तरी कानामागं लाल माती राहिलेली असायची. तो पुस्तकाला सहसा हात लावायचा नाही. त्या दिवशी त्यानं स्वतः उठून पैलवान खाशाबा जाधवांवरचं एक बारीकसं पुस्तक उचललं. मला बरं वाटलं. दहा मिनिटांत तो ते परत घेऊन आला.

म्हटलं, “वाचलंस?”

“वाचलं.”

“मग?”

“बाई, ह्यात कुस्तीच नाही.”

घरी नेऊन मी ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात जन्म होता, गरिबी होती, जिद्द होती, चिकाटी होती. ‘अथक परिश्रम’ हे शब्द चार ठिकाणी होते. देशाचं नाव उज्ज्वल झालं होतं आणि शेवटी पदक मिळालं होतं. कुस्ती कुठंच नव्हती. कोणता डाव, कोणाविरुद्ध, किती वेळ, हरले तर कशामुळं, यातलं एकही उत्तर त्या पानांत नव्हतं. मुलगा बरोबर होता.

(दृश्य : तालमीतला हौदा. फावड्यानं माती उकरली जातेय. त्यात ताक आणि हळद पडते.)

दहा ते चौदा हे वय मोठं नाजूक. चित्रांच्या गोष्टी आता लहान मुलांच्या वाटू लागतात आणि चारशे पानांचं चरित्र अजून पेलत नाही. याच वयात मुलं खेळातली जाणकार होऊ लागतात. खो-खोच्या मैदानावर आठ जणी बसलेल्या असतात, त्यातली कुणी उठायला क्षणभर उशीर केला हे आमच्या सहावीतल्या पोरी कडेला उभ्या राहून सांगतात. असं बारकाईनं पाहणाऱ्या मुलीला पुस्तकातून नुसता उपदेश दिला, की ती पुस्तक मिटते. वाचनाची आवड नाही म्हणून आपण तिला बोल लावतो. मला तो अन्याय वाटतो.

म्हणून त्या मुलासाठी मी खाशाबांची गोष्ट पुन्हा जुळवायला बसले. जे सापडत गेलं ते तासाला सांगत गेले.

(दृश्य : कराडजवळचं गोळेश्वर. ऊसाचं शेत, गावाची कमान.)

गोळेश्वर कराडला लागूनच आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म इथला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पोराची कुस्ती घडली ती मातीत.

इथं मी थांबते आणि मुलांना विचारते, माती आणि मॅट यांत फरक काय? तालमीतली पोरं एकदम बोलायला लागतात. मातीत पाय रुततो. घाम आला की अंगाला माती चोळायची, म्हणजे पकड सुटत नाही. मातीवरची निकाली कुस्ती घड्याळावर चालत नाही. चितपट होईस्तोवर चालते. मॅटवर वेळ मोजलेला, गुण मोजलेले, आणि चोळायला माती नाही.

हा फरक कळला की १९४८ सालचं लंडन ऑलिंपिक कळतं. कोल्हापूरच्या महाराजांनी जायचा खर्च उचलला. मातीत वाढलेला बावीस वर्षांचा खाशाबा जगातल्या निवडक मल्लांसमोर मॅटवर उतरला. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं. फ्लायवेट, म्हणजे सगळ्यात हलक्या वजनाच्या गटात सहावा नंबर आला.

‘सहावा’ म्हटलं की मुलं हिरमुसतात. मी विचारते, ज्या जमिनीवर तुम्ही वाढला नाहीत, तिच्यावर जाऊन जगात सहावं यायचं, हे कसं वाटतं? वर्ग थोडा वेळ गप्प राहतो. एरवी हा सहावा क्रमांक एका ओळीत उरकला जातो. खरं तर त्यावर एक आख्खं प्रकरण लिहायला हवं, कारण पुढची चार वर्षं खाशाबांनी जे केलं ते या सहाव्या क्रमांकामुळं केलं.

(दृश्य : राजाराम कॉलेजची जुनी इमारत. एका वहीत हिशोब मांडणारा हात.)

मग पैशाची गोष्ट. १९५२ साली हेलसिंकीला जायचं तर प्रवासाला पैसे नाहीत. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले.

‘गहाण’ हा शब्द आमच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. बऱ्याच जणांच्या घरात तो बोलला जातो. एका मुलीनं लगेच विचारलं, “मग सरांचं घर सुटलं का?” सुटलं. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून कर्ज फेडलं. ते ऐकल्यावरच ती मुलगी नीट टेकून बसली. पुस्तक लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं. मुलांना पदकाइतकीच त्या घराची काळजी असते.

(दृश्य : पंधरा मिनिटं दाखवणारं घड्याळ. काटा फिरतोय.)

आणि आता कुस्ती. हेलसिंकी, जुलै १९५२. बँटमवेट, म्हणजे फ्लायवेटच्या वरचा वजनगट, फ्रीस्टाइल. खाशाबांचा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान आवळून त्याला जमिनीवर आणायचं. कॅनडाचा मल्ल हरवला, मेक्सिकोचा हरवला, जर्मनीचा हरवला. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ही लढत पंधरा मिनिटं चालली आणि खाशाबा गुणांवर हरले.

आमच्या तालमीतल्या मुलानं इथं हात वर केला. “पंधरा मिनिटं? बाई, तीन मिनिटांत छाती फुटती.”

त्यानंतर लगेच सोव्हिएत युनियनच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण हे ठणकावून सांगायला भारताच्या बाजूचा कोणी पदाधिकारी त्या वेळी तिथं नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, टेनिसमध्ये लिअँडर पेसचं.

ही गोष्ट संपल्यावर वर्गात जो गलका झाला तो मी विसरणार नाही. अर्धा तास मिळाला असता तर? नियम कोणाला माहीत होता? आपला माणूस गेला कुठं होता? त्यांनी तिथंच नकार का दिला नाही? एका पोरानं तर आपल्या शाळेच्या कबड्डी संघाबरोबर नियमांचं पुस्तक घेऊन कोणीतरी जायलाच हवं असं ठरवूनही टाकलं. पुढच्या तालुका स्पर्धेला तो स्वतः गेला, पुस्तक दप्तरात घेऊन.

खाशाबा परतले तेव्हा मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या, हेही मी सांगते. पण मुलांच्या लक्षात त्या अर्ध्या तासाची गोष्ट जास्त राहते.

(दृश्य : दुपारचं ऊन. दोन मुली बुद्धिबळाचा पट मांडतायत.)

मुलींसाठी मी दुसरी गोष्ट शोधली. खेळाची पुस्तकं म्हणजे पोरांची पुस्तकं, असं आमच्या कपाटाकडं पाहून कोणालाही वाटलं असतं.

मुंबईच्या खाडिलकर बहिणी. वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली देशात पहिल्यांदा महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली. धाकटी रोहिणी १९७६ साली राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा तिचं वय तेरा. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. मुलगी पुरुषांत कशी खेळणार, यावरून मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

तेरा वर्षांची मुलगी. माझ्यासमोर सतरंजीवर बसलेल्या मुलींच्या वयाची.

हे सांगून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आठवीतल्या एकीनं हळूच विचारलं, “ती तेव्हा शाळेत काय सांगून जायची?” मला उत्तर देता आलं नाही. असा प्रश्न पडणारी मुलगी ज्या पुस्तकाची वाट पाहतेय ते कोणीतरी लिहायला हवं. त्यात गृहपाठ असावा, बुडालेली चाचणी असावी, समोर बसलेला मोठा माणूस आणि पटावरचा हलणारा हात असावा. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली एकोणिसाव्या वर्षी महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा आमच्या मुलींनी वर्तमानपत्राचं कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. ते अजून तिथं आहे.

(दृश्य : पिवळी पडलेली पानं उलटणारा हात. मागं क्रिकेटच्या चेंडूचा आवाज.)

काही गोष्टी मुलांना सांगाव्यात की नाही, अशी शंका मोठ्यांना येते. मला ती पालवणकर बाळूंच्या बाबतीत आली होती. डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता गोलंदाजी करू लागला. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या एका दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. पण ते दलित. इथं मैदानावर ते संघासाठी गोलंदाजी करायचे आणि चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जायचा.

सातवीला सांगावं का हे? मी सांगितलं. एका मुलानं कपाळाला आठ्या घालून विचारलं, “मग त्यांच्या हातातला चेंडू बाकीचे कसे घ्यायचे?”

मोठ्या माणसांनी जो प्रश्न टाळला तो बारा वर्षांच्या मुलानं एका वाक्यात विचारला. त्यानंतर मी शंका घेणं सोडलं. तेव्हा मुंबईच्या मोठ्या स्पर्धेत धर्मावार संघ असायचे. त्यातल्या हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळालं. विठ्ठल यांनी पुढं मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. १९४८ सालचं ते पुस्तक. मैदानाच्या आतून, मराठीतून लिहिलेली इतकी मोलाची गोष्ट आपल्याकडं आहे. ती बारा वर्षांच्या मुलाला झेपेल अशा शंभर पानांत, मोठ्या टायपात, नकाशा आणि छायाचित्रं घालून का येऊ नये? ते काढायची माझी ऐपत असती तर मी उद्या काढलं असतं.

मालमसाला आपल्याकडं भरपूर आहे. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोश काढला, तोही मराठीत, दहा खंडांचा. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. आमच्या मुलांनी त्यांच्यावरचा सिनेमा पाहिलाय, पण त्यांना पोहण्याबद्दल वाचायचंय. पायांत बळ नसताना पाणी कापायचं कसं, हात कुठून फिरवायचा, हे.

आणि कादंबऱ्या? अमेरिकेत २०१५ सालचं न्यूबेरी पदक, म्हणजे तिकडचा बालसाहित्यातला मोठा मान, बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांच्या गोष्टीला मिळाला. सगळी गोष्ट कवितेत. खो-खो तर आपला, इथल्या मातीतला खेळ. बसलेल्या खेळाडूच्या कानाशी ‘खो’ पडतो त्या क्षणाची, राखीव म्हणून वर्षभर कडेला बसलेल्या मुलीची कादंबरी माझ्या दोन्ही कपाटांत नाही.

(दृश्य : मुलं वह्या घेऊन तालमीच्या पायरीवर बसलेली. समोर म्हातारे वस्ताद.)

तेव्हा गेल्या वर्षी आम्ही स्वतःच सुरुवात केली. दर शनिवारी चार-पाच मुलं गावातल्या एखाद्या जुन्या खेळाडूकडं जातात. नियम एकच ठेवलाय. जिद्द, चिकाटी, परिश्रम हे तीन शब्द लिहायचे नाहीत. काय केलं ते लिहायचं. वस्तादांनी पहिल्या दिवशी मुलांना खुराकाचा हिशोब सांगितला, दुसऱ्या दिवशी लंगोट कसा बांधायचा ते, आणि तिसऱ्या दिवशी आपण आयुष्यात हरलेल्या कुस्त्या एकेक करून मोजल्या. त्या दिवशी मुलं अंधार पडल्यावर घरी गेली.

ती पानं टाचून एक वही झालीय. तिच्यावर कपाटाचा क्रमांक घातलाय आणि ती घरी न्यायला नंबर लावावे लागतात.

‘ह्यात कुस्तीच नाही’ म्हणणारा तो मुलगा आता दहावीला आहे, दुसऱ्या शाळेत. वही होतेय हे कळल्यावर तो एका संध्याकाळी आला आणि दारातूनच एक घडी घातलेला कागद देऊन गेला. गावच्या जत्रेतल्या स्वतःच्या कुस्तीबद्दल त्यानं लिहिलं होतं. मी ते जसंच्या तसं वहीत चिकटवलं.

(दृश्य : वहीचं पान. निळ्या शाईतलं अक्षर. हलगी दूरवर.)

“हलगी वाजत होती म्हणून मला वस्तादांचं ओरडणं ऐकू आलं नाही. मी ढाक लावायला गेलो. मान हातात आली होती. पण माझा उजवा पाय मागं राहिला. त्यानं तोच धरला. मी पडलो तेव्हा पहिल्यांदा आभाळ दिसलं, मग दादांचा चेहरा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फक्त उजवा पाय पुढं घ्यायचा सराव केला. दोनशे वेळा.”