ओळ दाखव

यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. कपाशी कमरेवर आली, की कृषी केंद्रात गर्दी. काउंटरवर दोन बाटल्या येतात. नावं वेगळी, चित्रं वेगळी, भाव वेगळे. पण लेबलाच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत घटकाचं नाव छापलेलं असतं, ते कधीकधी दोन्हींवर सारखंच निघतं. बापासोबत दहावीतली पोरगी आली असेल, तर ती तिथंच म्हणते, "बाबा, दोन्हीत एकच दवाई हाय."

२०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जण दगावले. इंग्रजी येत नव्हतं म्हणून ते गेले, असं कोणी म्हणेल तर साफ खोटं. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, एकत्र कालवलेली औषधं, तोंडाला नुसता रुमाल, अशी कारणं पुष्कळ होती. लेबलावरचा लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, हे कळायला अक्षरओळखही लागत नाही, सांगणारा लागतो. तरीही कागद हातात आल्यावर तो दुकानदाराकडून ऐकायचा की स्वतः वाचायचा, हा प्रश्न राहतोच.

इंग्रजीची हौस गावात कमी नाही. सकाळी कॉन्व्हेंटची व्हॅन टाय लावलेली पोरं कोंबून नेते. मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आधी ते पाचवीत यायचं. वर्षं वाढली, पण पुष्कळ वर्गांत धड्याखालचे प्रश्न फळ्यावर, उत्तरं वहीत, आणि गोष्ट वाचायची राहूनच जाते.

इथल्या हायस्कुलात नववीला मात्र इंग्रजीचे सर आधी गोष्ट वाचून दाखवतात. नातवानं फीचे पैसे जत्रेत उडवले. घरी येऊन म्हणतो, भरले. आजी काही बोलत नाही, त्याला जेवायला वाढते. सर थांबतात.

"आजीले माहीत होतं का?"

"होतं न सर! थे काही पुसतच नाही."

"नोतं. माहीत असतं त बडवलाच असता."

"माही आजी बी अशीच चूप रायते."

वर्गात नुसता कल्ला. सर निकाल देत नाहीत. "ओळ दाखव," एवढंच म्हणतात. मग पुस्तकं उघडतात, ओळींवरून बोटं फिरतात. मागच्या बाकावरचा एक जण धड्याच्या सुरुवातीला जातो. तिथं आजीनं फीची पावती मागून डब्यात जपून ठेवली आहे. या वेळी तिनं ती मागितलेलीच नाही! हे तो इंग्रजीत सांगायला लागतो, तेव्हा काळ चुकतो, वाक्य मोडतं. सर ते नंतर नीट करून घेतात. आधी त्याचं म्हणणं ऐकतात.

धड्यातल्या गोष्टी, कविता म्हणजे फावल्या वेळाची चैन, नोकरीला बोलायचं इंग्रजी पुरे, असं पालकसभेत हमखास ऐकू येतं. पण भूसंपादनाच्या मोबदल्यावर नागपूर खंडपीठाचा निकाल येतो तो इंग्रजीतच, आणि त्यात काय लिहिलंय याच्याइतकंच काय लिहिलेलं नाही, तेही पाहावं लागतं. फाडफाड बोलता येणारा तिथं अडतो. पावती हुडकणारा पोरगा, कोणी सांगावं, कदाचित अडणार नाही.

तालुक्याला गाइड मिळतं. त्या आजीबद्दलचं उत्तर त्यात चार ओळींत तयार आहे: ती भोळी होती. नववीच्या निम्म्या वर्गाला ते मान्य नाही.