मूळ जिवंत असतं तोवर

[दृश्य: पुण्यातलं एक स्किन क्लिनिक, स्क्रीनवर डोक्याच्या कातडीचा क्लोजअप]

हे जे दिसतंय ते 26 वर्षांच्या एका मुलाचं डोकं आहे, भोवऱ्याजवळचा भाग, कॅमेऱ्याने मोठा करून दाखवलेला. हा एक केस बघा, जाड, काळा, आणि त्याला खेटून हा दुसरा, इतका बारीक आणि फिकट की लव वाटावी. घरच्या आरशात एवढंच कळतं की केस विरळ झालेत, पण इथे दिसतं की मूळ अजून मेलेलं नाही, ते आकसतंय, दर वेळी आधीपेक्षा बारीक आणि कमी दिवस टिकणारा केस बाहेर काढतंय. पुरुषांच्या टकलाची सगळी गोष्ट या आकसण्याची आहे. आणि पोरं याच काळात तेलं, कांद्याचा रस, शाम्पू करत वर्षं घालवतात, ते बघून जीव तुटतो.

[दृश्य: जुन्या नियतकालिकांची पानं]

मूळ का आकसतं, हे शोधलं अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन या शरीररचनाशास्त्रज्ञाने, 1942 साली. वयात यायच्या आधीच ज्यांचे वृषण काढले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जायला लागले, आणि औषध थांबवल्यावर गळणं थांबलं पण गेलेले केस काही परत आले नाहीत. म्हणजे हार्मोन पाहिजे आणि आनुवंशिकताही पाहिजे, नुसत्या एकाने होत नाही.

[दृश्य: नकाशा, डॉमिनिकन रिपब्लिक]

पुढचा धागा सापडला कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक या देशात, लास सालिनास नावाच्या गावात. तिथे काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. डॉक्टर ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 साली त्याचं कारण मांडलं, टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी, म्हणजे केसाचं मूळ आकसवणारं हार्मोन, बनवणारं एक एन्झाइमच या लोकांत नीट काम करत नव्हतं. मोठेपणी यांचं प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी, लहान राहायचं आणि कपाळावरचे केस मागे सरकायचे नाहीत. मर्क कंपनीने हे वाचलं आणि तेच एन्झाइम अडवणारी गोळी बनवली, फिनास्टेराइड. 1992 ला वाढलेल्या प्रोस्टेटसाठी मंजुरी मिळाली, 1997 ला केसांसाठी, 1 मिलिग्रॅमची.

[दृश्य: ड्रॉपरमधून पडणारा थेंब, क्लोज]

हे मिनॉक्सिडिल, मुळात बीपीचं औषध. 1970 च्या दशकात पेशंटना गोळ्या दिल्या तर नको तिथे, अंगभर केस यायला लागले. कोलोरॅडोतल्या ग्विंटर कान आणि पॉल ग्रँट या डॉक्टरांच्या मनात आलं की हेच कातडीवर लावलं तर? 1988 साली अमेरिकेत ते डोक्याला लावायचं औषध म्हणून मंजूर झालं. आज तिथे ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर, बराच वेळ]

आता हे शांतपणे बघा. डोक्याची मागची बाजू बधिर केलीय, साधारण 1 मिलिमीटरच्या गोल पंचने एकेक मूळ सुटं करतायत, चिमट्याने उचलून थंड सलाइनच्या डिशमध्ये ठेवतायत. टेबलाशी बसलेल्या ताई मायक्रोस्कोपखाली ती निवडतायत, एक केसवाली वेगळी, दोन-तीन केसवाली वेगळी. एक केसवाली कपाळाच्या कडेला लावायची, म्हणजे कड नैसर्गिक दिसते. न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1952 साली टकलासाठी केसांचं रोपण केलं आणि पुढे दाखवून दिलं की मागचं मूळ पुढे नेलं तरी आपला स्वभाव सोडत नाही, तिथेही टिकून राहतं. या कामात घाई चालत नाही, मूळ सुकलं की गेलं.

[दृश्य: गोळ्यांचं पाकीट]

फिनास्टेराइडने काहींच्या लैंगिक इच्छेवर आणि मनःस्थितीवर परिणाम होतो आणि गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये, म्हणून गोळी डॉक्टरला विचारूनच.

[दृश्य: पुन्हा स्क्रीनवरची कातडी]

रोपण झालं तरी आजूबाजूची जुनी मुळं आकसतच राहतात, म्हणून ऑपरेशननंतरही औषध चालू ठेवायला सांगतात. औषध सोडलं तर टिकलेले केस काही महिन्यांत पुन्हा जायला लागतात. आकसलेलं मूळ कायमचं पूर्ववत करणारं औषध अजून कोणाकडेच नाही, शोध तिथे अडलाय. तोवर जे हातात आहे ते मूळ जिवंत असतानाच वापरावं लागतं, म्हणून या मुलाने 26 व्या वर्षीच स्किनच्या डॉक्टरकडे येणं हे आम्हाला फार योग्य वाटतं.