तूप न घालता पोटभर

श्रोतेहो, नमस्कार.

आज जेवणावर बोलायचं आहे, पण पथ्याच्या जेवणावर नाही. दूध, दही, तूप, लोणी, मध, अंडं, मांस, मासे यांतलं काहीच नसलेलं, आणि तरीही उठल्यावर तासाभरात डबे उघडून काही शोधायला न लावणारं घरचं जेवण. व्हीगन जेवण. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. आपल्याकडे मात्र पुष्कळांना अजूनही वाटतं की हे म्हणजे वांद्र्याच्या कॅफेतलं प्रकरण: बदामाचं दूध, टोफू आणि खिशाला चाट. माझं म्हणणं असं, की मुंबईतल्या मराठी घरानं हे जेवण कॅफेत शोधूच नये. दादरच्या मंडईत शोधावं, आणि आपल्या आजीच्या हातच्या रांध्यात.

आता बघा, आपल्या रोजच्या ताटात दुधाचं म्हणून असतं काय? वरणभातावर तूप, कोशिंबिरीत दही, थालीपिठावर लोणी, शेवटी ताक. आणि चहा, त्याच्याकडे नंतर येते. उसळी, आमट्या, झुणका, भाकरी, भरली वांगी, चटण्या हे सगळं मुळातच तेलावर चाललेलं. काढायचं तसं थोडंच आहे. खरी अडचण पुढे येते. तूप काढलं आणि त्याच्या जागी काहीच घातलं नाही, तर नुसत्या फिक्या वरणभातावर माणूस किती दिवस राहील? चार दिवसांत म्हणणार, आपल्याला नाही बुवा हे झेपत. ती जागा भरायला हवं कडधान्य, नारळ, दाण्याचं कूट, तीळ. जेवणाला जडपणा यांच्यामुळे येतो.

मालवणकडच्या श्रोत्यांना काळ्या वाटाण्याचं सांबारं मी काय सांगणार! पण बाकीच्यांनी हे एकदा कराच. वाटाणे रात्री भिजत घालायचे, भरपूर पाण्यात, कारण ते चांगले फुगतात. सकाळी मीठ घालून कुकरला लावायचे. हे टणक कडधान्य आहे, तुरीच्या डाळीच्या हिशेबानं शिट्ट्या मोजू नका. बोटानं दाबल्यावर पीठ होईल इतके शिजले पाहिजेत. तोवर कांदा उभा चिरून तेलावर लालसर करायचा, त्यातच ओलं खोबरं घालून तपकिरी होईपर्यंत भाजायचं. इथे घाई केली तर सांबारं पांढुरकं आणि मिळमिळीत होतं. खोबऱ्याचा खमंग वास शेजारच्या खोलीत गेला की गॅस बंद. लसूण घालून वाटप बारीक करायचं. कांद्याची फोडणी, मालवणी मसाला, वाटाणे, वाटप, आणि मूठभर शिजलेले वाटाणे डावानं चेचून रश्श्यात मिसळायचे, म्हणजे दाटपणा येतो. कोकमं अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायला कुरकुरतं, दाणा दडदडीत राहतो, चिंचेचंही तेच. सोबत आंबोळी असेल तर उत्तम. आंबोळीचं पीठ तांदूळ आणि उडदाच्या डाळीचं, म्हणजे तिथेही दुधाचा थेंब नाही.

वालाच्या बिरड्याची गोष्ट वेगळी. चव अप्रतिम, पण वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक सोला, एवढा वेळ आहे कुणाकडे? मुंबईचं भाग्य असं, की दादरला स्टेशनबाहेर भाजीवाल्या मावशी मोडाचे वाल सोलूनच विकायला बसलेल्या असतात. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत. घरी आणून हिंग, हळद, मोहरीची फोडणी, थोडा गूळ, कोकम, वर ओलं खोबरं, झालं. वाल अलगद हलवायचे, नाहीतर त्यांचा लगदा होतो. मोड घरी आणणार असाल तर एक लक्षात ठेवा: आपल्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यात, फडक्यात बांधलेलं कडधान्य फार लवकर आंबूस होतं. मोड दिसले की फ्रिजमध्ये.

आणि ज्यांना रात्री घरी पोचायलाच नऊ वाजतात त्यांचं काय? विरार किंवा कल्याणची गाडी पकडून, उभ्यानं प्रवास करून आलेल्या माणसाला काळे वाटाणे भिजवा म्हणणं क्रूरपणाचं आहे. त्यांच्यासाठी कुळथाचं पीठ. दादर-परळकडे कोकणातला माल विकणाऱ्या दुकानांत ते मिळतं. लसूण, मिरची, कांदा फोडणीला टाकायचा, कोकम आणि पाणी घालून उकळी आणायची, आणि थंड पाण्यात कालवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या मोडत बसाल. एका बाजूला भाताचा कुकर, दुसऱ्या शेगडीवर पिठी. कुकरची वाफ जिरेपर्यंत पिठी तयार. मऊ भातावर घ्या, हवं तर वरून कच्चं तेल.

आता पोषणाचा प्रश्न, कारण घरातली मोठी माणसं तोच आधी विचारतात: दूध नाही, मग ताकद कुठून? शंभर ग्रॅम कुळथात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास. भात-भाकरीच्या प्रथिनात जे कमी पडतं ते कडधान्य भरून काढतं, म्हणून उसळ आणि भाकरी ही जोडी पक्की. कॅल्शियमसाठी नाचणी आणि न सोललेले तीळ. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं. उसळीवर लिंबू पिळायचं ते नुसतं चवीसाठी नव्हे, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागायला मदत होते. मात्र बी-१२ च्या बाबतीत मी गुळमुळीत बोलणार नाही. ते वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. कायम असं जेवायचं ठरवलं असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, आणि कुणी ‘अमुक पाल्यात असतं हो’ म्हणालं तरी ऐकू नका.

बाजारच्या वस्तूंत दूध लपलेलं असतं. बिस्किटं, तयार सूप, काही ठिकाणचे पाव. वडापाव घेताना पावाला लोणी लावू नका म्हणून सांगावं लागतं. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘मिल्क सॉलिड्स’ आहे का ते वाचायचं. २०२२ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानं व्हीगन पदार्थांसाठी नियम केले, त्यांचं वेगळं चिन्हही आहे. पण कुळीथ, वाल, नारळ घेणाऱ्याला चिन्ह शोधावंच लागत नाही.

दह्याविना कोशिंबीर करताना काकडी चोचवून त्यात दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, साखर आणि वर हिंग-मिरचीची फोडणी. ही तर खमंग काकडी, आपलीच. थालीपिठावर लोण्याऐवजी कारळ्याची चटणी तेलात कालवून घ्या; डब्यातही हे छान टिकतं, रश्श्यासारखं पिशवीत सांडत नाही. ताकाच्या जागी सोलकढी.

चहा! इथे भलेभले हरतात. सोयाचं दूध उकळत्या चहात घातलं की बऱ्याचदा फाटतं. ते वेगळं कोमट करून, चहा खाली उतरवल्यावर घालावं. नारळाच्या दुधाचा चहा करून पाहू नका, दोन्हींचं नुकसान. मला विचाराल तर गवती चहा, आलं आणि किंचित गूळ घातलेला कोरा चहा हाच सरळ मार्ग. गवती चहाची जुडी भाजीवालीकडेच मिळते.

राहिलं गोडाचं. पाहुण्यांना काय द्यायचं, हा प्रश्न हमखास येतो. तांदळाचे शिरवाळे, म्हणजे उकडीच्या ताज्या शेवया करा, आणि बुडवायला नारळाचा रस. ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटून पिळायचं, पहिलं दाट दूध बाजूला ठेवायचं. त्यात किसलेला गूळ आणि वेलची हातानं विरघळवायची, गॅसवर अजिबात चढवायचं नाही. दाट दूध उकळलं की फुटतं. पुरणपोळीसोबतही हाच रस कोकणात घेतात. कणीक तेलात भिजवली आणि पोळी तेलावर भाजली, की सणाचं ताटही झालं.

नमस्कार.