हरिश्चंद्रगड एका दिवसात: आधी कोकणकडा, मग तारामती

नमस्कार मंडळी! हरिश्चंद्रगडाचा एका दिवसाचा ट्रेक करायचा असेल, तर क्रम उलटा करा. बरेच जण गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळातून आधी तारामती शिखरावर चढतात आणि कोकणकडा दुपारवर टाकतात. माझं म्हणणं, कडा सकाळीच गाठा. का, ते सांगतो.

कडा पश्चिमेला तोंड करून उभाय. सकाळी ऊन तुमच्या पाठीवर असतं. समोर दरीत ढग भरलेले असले, की तुमची सावली त्या ढगांवर पडते आणि तिच्याभोवती रंगांचं गोल कडं उमटतं. हेच इंद्रवज्र! साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या या वर्तुळांबद्दल लिहिलं, ते १८३५ साली छापून आलं. गंमत म्हणजे दहा जण शेजारी उभे असले, तरी प्रत्येकाला कडं आपल्याच सावलीभोवती दिसतं. सूर्य वर चढतो तसं हे कडं खाली खाली सरकतं. सपाटीवर ते जमिनीत गेलं असतं. इथे खाली अख्खी दरी मोकळी आहे, म्हणून पूर्ण गोल दिसू शकतं. दरवेळी दिसेलच असं नाही. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, नशीब आजमावायचं.

म्हणून पायथ्याच्या पाचनई गावातून पहाटे पाचला, टॉर्च घेऊन निघा. खिरेश्वरची वाट सुंदर आहे, पण लांब. एका दिवसाला पाचनईच बरी. अडीच-तीन तासांत देऊळ, तिथून अर्ध्या तासात कडा.

आणि कड्यावर उभं राहून वाकायचं नाही. अजिबात नाही! हा कडा आत वळलाय, नागाच्या फण्यासारखा. तुम्ही उभे असता त्या दगडाखाली पोकळी असते. पोटावर झोपा, हनुवटी कातळावर टेकवा, मागे कुणाला तरी पाय धरायला सांगा. खालून वारा थेट तोंडावर येतो, काठावरचं गवत वरच्या दिशेने फडफडत असतं. दगड मात्र भिरकावू नका; खालून नळीच्या वाटेने माणसं चढत असतात.

परत येताना केदारेश्वराची गुहा. चार खांबांतला एकच शाबूत आहे, लिंगाभोवती कमरेइतकं पाणी. पाय घातला की पोटऱ्या बधिर होतात. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या चांगदेवांचं नाव या जागेशी जोडलेलं आहे, तेव्हा देवळाभोवतीचे शिलालेख घाई न करता बघा.

पिठलं-भाकरी खाऊन मग तारामती. १४०० मीटरच्या वर उंची, देवळापासून तासाभराची चढण. माथ्यावरून पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी चमकताना दिसतं.

तीनला शिखर सोडा. पाचनईची वाट एका ठिकाणी पुढे आलेल्या कातळाच्या पोटाखालून जाते, वरून पाणी ठिबकत असतं, पायाखाली शेवाळ. तो टप्पा उजेडातच उतरायचा.