सात मणके, पण सारखे नव्हेत

[दृश्य: कमाटीबाग. संग्रहालयाच्या आत ब्लू व्हेलचा सांगाडा.]

निवेदन:
शाळेच्या सहलीत कमाटीबागेत काय पाहिलंस, असं बडोद्यात वाढलेल्या कुणालाही विचारा. ममी आणि हा सांगाडा, ही दोन उत्तरं ठरलेली. 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा ब्लू व्हेल. लांबी सत्तर फुटांच्या घरात. नजर आधी जबड्यावर खिळते आणि तिथून थेट शेपटीकडे जाते. आज डोक्याच्या लगेच मागे थांबू या. एकाला एक लागून असलेले चपटे मणके, ही याची मान. मणके सात. जिराफाच्या मानेत सात, उंदराच्या मानेत सात, आपल्याही मानेत सातच. सस्तन प्राण्यांत हा आकडा मोडणारे दोनच: झाडावर लटकणारा संथ स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनेटी.

आकडा इतका पक्का, पण मणक्यांची घडण मात्र माणसागणिक वेगळी.

[दृश्य: टेबलावर मांडलेले मानेचे मणके. एक हात पहिला मणका उचलतो.]

बडोदा मेडिकल कॉलेज 1949 साली सुरू झालं. तेव्हापासून पहिल्या वर्षाची मुलं हाडं हातात घेऊनच शिकत आली आहेत. त्यातलं हे पहिलं, ॲटलस. बाकीच्या मणक्यांना पुढे भरीव भाग असतो, याला तो नाहीच. नुसतं कडं, आणि त्यावर कवटी टेकलेली. मागच्या कमानीवर ही उथळ खाच दिसते ना? मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी इथे वळसा घेऊन आत शिरते.

आता हा दुसऱ्या एका माणसाचा ॲटलस. खाचेवर हाडाचा बारीक पूल तयार झालाय आणि खाचेचं भोक बनलंय. याला आर्क्युएट फोरामेन म्हणतात. साधारण दहा-पंधरा टक्के माणसांत तो सापडतो आणि त्यांना बहुधा त्याचा पत्ताही नसतो. पण अपघातात मानेला मार बसला, ॲटलसमध्ये स्क्रू बसवायची वेळ आली, की हाच पूल घात करू शकतो. त्याच्यामुळे कमान आहे त्याहून जाड भासते. त्या जाडीच्या भरवशावर स्क्रू घातला तर धमनीलाच इजा. म्हणून आधी सीटी स्कॅन करायचा आणि त्यात हा पूल मुद्दाम शोधायचा. हाडांचा अभ्यास रटाळ वाटणाऱ्यांनी हे एक हाड तरी उजेडात धरून नीट बघावं.

धमनीची वाटही सगळ्यांत एक नसते. मणक्यांच्या दोन्ही बाजूंना छिद्रं असतात. धमनी बहुधा सहाव्या मणक्याच्या छिद्रात शिरून वर चढते, काहींत पाचव्या किंवा चौथ्या. कुठे छिद्रच दुहेरी असतं.

[दृश्य: एक तरुणी मान खाली घालून मानेच्या मुळाशी बोट फिरवते.]

तुम्हीही करून बघा. पाठ सुरू होते तिथे उंचवटा लागेल. बहुतेकांत तो सातवा मणका. काहींत मात्र सहावा किंवा छातीचा पहिलाच जास्त वर आलेला असतो, त्यामुळे नुसत्या बोटाने खात्री होत नाही.

याच सातव्या मणक्याला काहींत जादा बरगडी असते. शंभरात जेमतेम एखाद्याला, आणि बायकांमध्ये जास्त. छातीचा एक्सरे काढायला जावं, रिपोर्टात 'सर्व्हायकल रिब', म्हणजे मानेची बरगडी, असं लिहून यावं आणि घरात घबराट उडावी, असंच बहुधा होतं. दांडिया बाजारातल्या एखाद्या आजी लगेच विचारतील, "अगं बाई, हिचं ऑपरेशन करावं लागणार का?"

त्रास नसेल तर नाही, आजी. जन्मापासून आहे ती, राहू द्या.

पण करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला सारख्या मुंग्या येत असतील, हात वर धरला की गळून जात असेल, अंगठ्याच्या बुडाचं मांस उतरलेलं दिसत असेल, तर ती बरगडी हाताकडे जाणाऱ्या नसा किंवा रक्तवाहिनी दाबत असू शकते. अशा वेळी मान चोळून घ्यायला कुणाकडे जाऊ नका. एक्सरे घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.