नाक मुरडणाऱ्या स्नायूचं नाव

नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या जरा खाली बोट ठेवा. आता ताटात कारल्याची भाजी पडलीये असं समजून जोरात नाक मुरडा. बोटाखाली काहीतरी हललं ना? वरचा ओठ वर चढला, नाकपुडी फुगली... हे सगळं करणारा स्नायू एवढुसा, पण नाव बघा, लेव्हेटर लेबिआय सुपीरिओरिस अलीक्वी नेझाय!

एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला पोरं हे नाव रात्ररात्र घोकतात, आणि मला फार वाटतं की यांना कुणीतरी आधी ते फोडून दाखवायला हवं होतं, कारण फोडलं की पाठ करायला काही उरतच नाही.

जुन्या लॅटिन उच्चाराने म्हणूया, सावकाश. ले-वा-तोर. ला-बि-ई. सु-पे-रि-ओ-रिस. आ-लाय-क्वे. ना-सी. मोजून १६ सिलॅबल. लेवातोर म्हणजे उचलणारा. लाबिउम म्हणजे ओठ, त्याचं लाबिई झालं की ओठाचा, आपण शब्दाला चा-ची-चे लावतो तसं तिथे शब्दाचं शेपूट बदलतं. सुपेरिओरिस, वरच्या. नासी म्हणजे नाकाचा, आणि इथे आपली नासिका आठवली असेल तर बरोबरच आठवली, दोन्ही शब्द एकाच घराण्यातले.

राहिलं आलायक्वे, माझा सगळ्यात लाडका तुकडा. आला म्हणजे पंख. नाकपुडीला पंख म्हणायचं, किती छान ना! आणि शेवटचं क्वे म्हणजे 'आणि', पण ते दोन शब्दांच्या मधे येत नाही, दुसऱ्या शब्दाच्या मागे चिकटतं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'रामः लक्ष्मणः च' मधला शेवटचा च आठवा, तोच हा, मूळ एकच.

म्हणजे पूर्ण अर्थ, वरच्या ओठाला आणि नाकाच्या पंखाला उचलणारा. आता डोळ्यासमोर आणा, स्नायू नाकाशेजारी वरच्या जबड्याच्या हाडावर सुरू होतो, खाली येतो आणि त्याचे दोन फाटे होतात, एक नाकपुडीत, एक ओठात. तो क्वे म्हणजे हा फाटा!

म्हणून व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, घाईघाईत शेवटचे दोन शब्द गिळू नका. नुसतं लेव्हेटर लेबिआय सुपीरिओरिस म्हटलंत तर तो शेजारचा वेगळा स्नायू झाला, तो फक्त ओठ उचलतो, नाकपुडीपर्यंत जातच नाही.