टाकळ्याच्या बियांची कॉफी

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या पावसानंतर कोकणात वाटेच्या कडेने उगवणारा टाकळा आपण रानभाजी म्हणून ओळखतो. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात, तर गोव्यात तायकिळो. पाने जून झाली की त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. परंतु दिवाळीच्या सुमारास त्याच्या लांब, बारीक शेंगांमध्ये पिकणाऱ्या बिया भाजून कॉफीसारखे पेय करण्याची रीत आपल्या खेड्यांत आहे आणि ती टिकावी, असे मला मनापासून वाटते.

शेंगा तडकण्यापूर्वी झाडे कापून, वाळवून झोडपावीत आणि बिया पाखडून घ्याव्यात. या तपकिरी, चकचकीत बिया अतिशय कठीण असतात, म्हणून लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, त्या आतपर्यंत काळपट होईतो भाजाव्या लागतात. मग त्या दळून पूड गुळाच्या पाण्यात उकळावी. सुंठ आणि दूध आपापल्या आवडीप्रमाणे घालावे. या पेयात कॅफिन नसते. कडवटपणा आणि खमंग वास सारा भाजण्यातून येतो. बियांमध्ये रेचक द्रव्ये असतात आणि भाजल्याने ती कमी होतात. तरीही रोज एखाद्या लहान कपापेक्षा अधिक घेऊ नये आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. टाकळ्याचाच भाऊबंद असलेला कासविंदा, ज्याला रानटाकळाही म्हणतात, त्याच पडीक जमिनीत वाढतो, त्यालाही पिवळी फुले येतात, आणि पश्चिम आफ्रिकेत त्याच्याही भाजलेल्या बियांची कॉफी करतात. मात्र त्याच्या कच्च्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे मेंदूज्वर समजल्या गेलेल्या, लहान मुलांचा जीव घेणाऱ्या आजाराचे मूळ या बिया खाण्यात असल्याचे तिथल्या डॉक्टरांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिले. म्हणून ओळख पक्की हवी: टाकळ्याच्या पानाला टोकाशी गोलसर अशा पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि बी तिरप्या चौकोनासारखे असते, कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि संख्येने अधिक, शेंग चपटी, बीही चपटे व गोलसर.

आज टाकळ्याच्या बिया मुख्यतः डिंकासाठी व्यापाऱ्यांकडे जातात, तर कोरिया आणि जपानमध्ये याच गटातल्या बिया भाजून चहासारख्या घरोघरी पितात. आपल्याकडच्या बचत गटांनी ही पूड विकायला घेतली, तर बिया आणणाऱ्या प्रत्येकीला दोन्ही झाडे शेजारी ठेवून आधी दाखवावीत आणि मगच पहिला घाणा भाजावा.